जोडीदाराकडे बघणारा पाय

प्रिय ईरा आणि सोहम,

गेल्या रविवारी खेळताना ईराचा पाय मुरगळला आणि तुमच्याकडच्या डॉक्टरांनी कागदावर 'इनव्हर्जन इंज्युरी' असं लिहून दिलं. ईराने मला विचारलं, "आजी, इनव्हर्जन म्हणजे पाऊल आत वळतं की बाहेर?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात सोहमने फोनवर शोधून सांगूनही टाकलं. त्याचं उत्तर बरोबर होतं. माझ्या तोंडात आलेलं उत्तर निराळं होतं, आणि ते माझं नव्हतं. ज्या माणसाचं ते होतं, त्याने मला सात वर्षं छळलं. त्याच्याविषयी मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की माझा आवाज चढतो. लिहिताना चढणार नाही अशी आशा आहे. मला सत्त्याहत्तरावं वर्ष चालू आहे, तेव्हा हे काम आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

तुमच्या आजोबांची बँकेतून सोलापूरला बदली झाली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. मुंबईला फिजिओथेरपी शिकून आले होते, सगळं शिक्षण इंग्रजीतून, सगळ्या वह्यांना खाकी कव्हर. शुक्रवार पेठेत एका धान्याच्या वखारीमागे पोलिओ झालेल्या मुलांसाठी एक धर्मादाय दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. हाडांचे डॉक्टर दर पंधरवड्याला यायचे, मी सोमवार, बुधवार, शुक्रवार जायची, आणि बिराजदार रोज असायचे.

बिराजदार प्लास्टर घालायचे आणि मुलांसाठी सळईचे बूट बनवायचे. पोलिओने लुळा पडलेला पाय सरळ राहावा म्हणून बुटाला लोखंडी सळया आणि चामड्याचे पट्टे लावतात, त्याला आम्ही कॅलिपर म्हणायचो. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. भुवयांमध्ये कायम प्लास्टरची पूड, त्यामुळे विभूती कुठे संपली आणि प्लास्टर कुठे सुरू झालं ते कळत नसे. शिक्षण चौथीपर्यंत, मराठी आणि कन्नड दोन्हीत. इंग्रजी अक्षर एकही येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. पेशंट त्यांना 'अप्पा' म्हणत. मी 'बिराजदार' म्हणायची. ते मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि पहिल्या महिन्याअखेरीस सांगायचं सोडून दिलं.

दवाखाना नऊला उघडायचा. बिराजदार आठपासून पडवीतल्या बाकावर बसलेले असायचे, दाराशी. आलेला पेशंट चपला काढून आत जायला वळला की ते त्या चपला उचलायचे, उलट्या करून मांडीवर ठेवायचे, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे. कधी हुंगायचे सुद्धा. का हुंगता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय हाय."

चप्पल कुठल्या बाजूने झिजली आहे त्यावरून पाय कसा पडतो ते कळतं, हे त्यांचं शास्त्र. त्यात चूक काही नाही, माझ्या पुस्तकातही ते एका ओळीत होतं. पण बिराजदारांच्या लेखी पुस्तक तिथेच सुरू होत होतं आणि तिथेच संपत होतं. बघून झालेली चप्पल ते आत आपल्या कामाच्या टेबलाखाली नेऊन ठेवत, 'पुन्हा एकदा नजर टाकायला'. मग पेशंट बाहेर येऊन चपला शोधायचे. एप्रिलच्या उन्हात, फरशीवर पाणी शिंपडलं तर वाफ निघायची अशा दिवसांत, बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभ्या राहायच्या, आणि हे आतून शांतपणे विचारायचे, "लाल पट्ट्याची कुणाची वो?"

माझ्या स्वतःच्या चपला त्यांनी पहिल्याच दिवशी उचलल्या. मी दादरहून घेतलेल्या, तीन महिने वापरलेल्या. दुपारी घरी जायला निघाले तर उजव्या चपलेच्या टाचेला बाहेरच्या कडेने चामड्याचा एक तुकडा ठोकलेला.

"हे काय केलंत?"

"टाच भायेरनं खातीय बाई तुमची. पाय मुरगळतो की न्हाय वरच्यावर?"

"माझ्या चपलेला हात लावण्याआधी मला विचारायचं होतं."

"इचारलं आसतं तर तुमी न्हाय म्हनला आसता."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर माझा उजवा घोटा कॉलेजपासून वरचेवर मुरगळायचा, आणि त्या तुकड्यानंतर तो थांबला. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आता ईराचा प्रश्न. पाऊल असं वळवायचं की तळवा दुसऱ्या पायाकडे येईल, ते इनव्हर्जन. तळवा बाहेरच्या बाजूला जाईल, ते एव्हर्जन. लोकांना वाटतं हे घोट्यात होतं, पण मुख्यतः ते घोट्याच्या खालच्या सांध्यात होतं. परिभाषेच्या पुस्तकांत या दोन्हींना लांबलचक संस्कृत शब्द आहेत, ते आमच्याकडे कुणी वापरत नसे. पोलिओत पाऊल बाहेर वळवणारे स्नायू गेले तर आत वळवणारे त्याला आपल्याकडे ओढून घेतात, आणि मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतं. तेव्हा बुटाच्या तळाला बाहेरून पाचर मारायची आणि पट्टाही बाहेरून लावायचा. उलट असेल तर सगळं आतून. म्हणजे हे दोन शब्द जागच्या जागी असणं आमच्या कामात फार महत्त्वाचं होतं.

मी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. पावलाची चित्रं काढली, बाण काढले, देवनागरीत शब्द लिहिले. बिराजदारांना समोर बसवून अर्धा तास शिकवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग उठले आणि खडूने माझ्या तक्त्यावर, इनव्हर्जनच्या पावलाला दोन डोळे काढले.

"ह्यो जोडीदाराकडं बघनारा," ते म्हणाले. मग एव्हर्जनच्या पावलाला तोंड फिरवलेला चेहरा काढला. "आनि ह्यो रुसलेला. येवढं सोपं हाय की. तुमी कशाला डोस्कं शिनवता?"

मी ओल्या फडक्याने तक्त्यावरचे डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढलेले. हा प्रकार महिनाभर चालला. शेवटी तक्ताच इतका मळला की मी तो काढून टाकला. आणि मुलं, ती तर त्यांचीच बाजू घ्यायची. तपासताना मी "बाळ, पाऊल आत वळव" म्हटलं की मूल माझ्याकडे नुसतं बघायचं. बिराजदार आतल्या खोलीतून ओरडायचे, "जोडीदाराकडं बघ रे," की पाऊल झटक्यात वळायचं.

या चपलांपायी त्यांना घरी बरंच सोसावं लागायचं, ते मला उशिरा कळलं. लिंगायत घर, थोरल्या भावाचा धान्याचा व्यापार, आणि हे दिवसभर परक्यांच्या चपला मांडीवर घेऊन चामडं शिवत बसणार. त्यांच्या पत्नी गंगव्वा त्यांना मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू देत नसत. भाऊ चारचौघांत त्यांना 'चपला हुंगणारा' म्हणायचा. मी एकदा त्याबद्दल विचारलं. त्यांनी गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवला.

"लिंग छातीवर हाय, चप्पल मांडीवर हाय. त्या दोगांचं भांडन न्हाय. भांडन आमच्या थोरल्या भावाचं हाय."

मला ते उत्तर आवडलं होतं. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी माझ्या कपाटाची किल्ली हरवल्याचं सांगितलं, म्हणून तेही बोलायचं राहिलं.

वैराग गावातल्या लग्नाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या एका विश्वस्तांच्या पुतण्याचं लग्न, दवाखान्यातल्या सगळ्यांना आमंत्रण. मंगलाष्टकं चालू असताना एक मुलगी मला बोलवायला आली. मांडवाच्या दाराशी वराकडच्या दोन मामांनी बिराजदारांना दंडाला धरून ठेवलं होतं. अक्षता पडायच्या वेळी सगळी वऱ्हाडी मंडळी आत गुंतलेली पाहून हे बाहेर चपलांच्या ढिगाशी उकिडवे बसले होते आणि एकेक चप्पल उलटी करून बघत होते.

"ह्यांना वळखता का बाई?" एका मामाने विचारलं.

नाही म्हणावं असं माझ्या मनात येऊन गेलं. मी "हो" म्हटलं.

"चपला चोरत हुते."

"चोरत न्हवतो, वाचत हुतो," बिराजदार म्हणाले. त्यांच्या हातात चार-पाच वर्षांच्या मुलाची एक सँडल होती, डावी. बाहेरच्या कडेने तिची शिवण उघडी पडली होती, आतली कड मात्र कोरी. "बाई, ह्ये लेकरू कुटं हाय बगा आदी."

मूल सापडलं, त्याच मामांपैकी एकाचं निघालं. ते धडपडतं ते अवखळ म्हणून, असं सगळ्यांनी धरलं होतं. सतरंजीवर बसवून मी पाय तपासला. पाऊल बाहेर वळवण्याची ताकद निम्मीसुद्धा नव्हती, दोन वर्षांपूर्वी आलेल्या तापाने नेलेली. ते मूल पुढे आमच्याकडे येत राहिलं आणि नीट चालू लागलं. त्या पंगतीत बिराजदारांना आग्रहाने जिलब्या वाढल्या गेल्या, ज्याने दंड धरला होता त्यानेच वाढल्या. त्या दिवसापासून ते असह्य झाले. कार्ड बघायचं त्यांनी सोडूनच दिलं.

कार्डांचं सांगते. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड मी भरायची. कुठली हालचाल किती, ताकद किती, काय करायचं, सगळं इंग्रजीत, कारण डॉक्टर तेच वाचणार. डॉक्टरांची सही झाली की कार्ड बिराजदारांच्या ट्रेमध्ये जायचं. ते मला हाक मारून विचारायचे, "बाई, ह्याचं काय?" आणि मी सांगायची. वैरागनंतर त्यांनी विचारणं बंद केलं. मी एकदा चिडून म्हटलं, "बिराजदार, कार्डावर सगळं लिहिलेलं असतं. यापुढे मी तोंडी काही सांगणार नाही."

"मराठीत लिवा की मग. मी वाचीन."

"कार्ड मराठीत लिहायची पद्धत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चप्पल मराठीतच हाय."

त्या वर्षी दुष्काळ होता. सांगोल्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरून पारूबाई नावाची बाई तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला, रुक्मिणीला, कडेवर घेऊन आली. नऊ वर्षांची मुलगी कडेवर. आईचे पाय खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बाईचे असतात तसे, आणि तिला दिवस गेलेले. रुक्मिणीचा डावा पाय दुसऱ्या वर्षी तापात गेला होता. घरात भिंतीला धरून थोडी हिंडायची, बाहेर आई उचलून न्यायची.

"मला भादव्यात दुसरं व्हनार हाय," पारूबाई म्हणाली. "मग हिला कोन उचलनार? शाळंचं मास्तर म्हनत्यात, पायानं चालत आली तर नाव घालतो. शाळा वड्याच्या पल्याड हाय."

रुक्मिणी मध्येच म्हणाली, "मला पाडे येत्यात. इसापतोर." आणि कुणी विचारण्याआधी सतराचा म्हणून दाखवला.

डॉक्टरांनी सांगितलं, सळईचा बूट द्या. पाऊल अजून मऊ आहे, हाताने सरळ होतं. आणखी काही महिने असंच राहिलं तर ते आहे त्या जागी आखडेल, मग बुटाने काही व्हायचं नाही. मी टेबलावर तपासलं होतं. आत वळवण्याची ताकद पूर्ण, बाहेर वळवण्याची शून्य. तसं स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिलं, खाली रेघ मारली, कार्ड ट्रेमध्ये ठेवलं, आणि शब्द न बोलता घरी गेले. माझा नियम मी पाळला.

बिराजदारांनी पायाची मापं घेतली, पण पाय कसा पडतो ते त्यांनी सकाळीच बघून ठेवलं होतं, पडवीत, रुक्मिणीच्या चपलांवरून. बूट शनिवारी तयार झाला. शनिवार माझा नव्हता. बसलेल्या मुलाचा लुळा पाय बुटात कसाही शिरतो. रुक्मिणी आईचा हात धरून पडवीत चार पावलं अडखळत चालली, आणि सळई घातलेलं मूल पहिल्या दिवशी अडखळतंच. त्या दोघी एसटीने परत गेल्या.

तीन आठवड्यांनी सोमवारी त्या आल्या. रुक्मिणी पुन्हा कडेवर, आणि बूट पारूबाईच्या पदरात गुंडाळलेला. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर सळई घासून रुपयाएवढी जखम झाली होती. पाऊल आधीपेक्षा जास्त आत वळलं होतं. चालायला गेली की पडायची, कोपरही खरचटलेलं. मी बूट हातात घेऊन उलटा केला. पाचर आतून मारलेली होती. पट्टा आतून. सगळं उलटं, आणि शिवण इतकी सुबक की बघून डोकं फिरावं.

पारूबाई रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आमचंच कायतरी चुकलं आसंल बाई. बांदायला येत न्हाय आमाला."

मी कार्ड आणि बूट दोन्ही घेऊन आत गेले आणि बिराजदारांच्या टेबलावर ठेवले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. माझा आवाज वखारीपर्यंत गेला, कारण तोलणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. बिराजदारांनी बूट पाहिला. बाहेर आले, जखम पाहिली. मग, तुम्हाला पटणार नाही, ते पडवीच्या दाराशी गेले आणि चपला शोधायला लागले.

"पोरी, तुजी चप्पल कुटं हाय?"

"न्हाय मला चप्पल," रुक्मिणी म्हणाली.

"गेल्या बारीला हुती की. हिरव्या पट्ट्याची."

"ती शेवंताची हुती. चुलत भनीची. ती सासरी गेली, चप्पल घिऊन."

पारूबाईने खाली बघत सांगितलं, "सोलापुरात अनवानी कशी आनायची, म्हनून मागून घातली हुती. घरात ती अनवानीच आसती, अप्पा."

इतकी साधी गोष्ट. खेड्यातून शहरात यायचं म्हणजे लुगडं शेजारणीचं, पिशवी जावेची, चपला पुतणीच्या. बिराजदारांचा सगळा जन्म त्या भागात गेला होता, त्यांच्या स्वतःच्या घरात हेच चालत असणार. इतक्या वर्षांत हजारो चपला त्यांनी वाचल्या आणि त्या कुणाच्या, हे एकदाही विचारलं नव्हतं. शेवंताचा पाय बाहेर पडत होता. तिच्या पायाचा बूट त्यांनी रुक्मिणीला घातला होता.

ते फरशीवर बसले. रुक्मिणीचा पाय मांडीवर घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. बाहेरच्या कडेला जाड घट्टा होता, आत कातडी मऊ. मान वर न करता म्हणाले, "बाई, कारडावर काय लिवलंय, वाचून दावा."

मी वाचलं.

"मराठीत."

"बाहेर वळवायची ताकद शून्य. पाऊल आत ओढलं जातं."

"जोडीदाराकडं बघतोय."

"हो."

"तुमाला ठावं हुतं."

"हो. मी लिहिलं होतं."

"मग बोलला का न्हाय?"

ईरा, सोहम, त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका संताप आला तितका आजवर कुणाचा आलेला नाही, त्यात तुमचे आजोबाही आले. चूक त्यांची, बूट त्यांचा, हट्ट त्यांचा, आणि प्रश्न मला. मी तडक उठून माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर पारूबाई त्यांना पाणी हवं का विचारत होती. मी खुर्चीवर बसून मनात उत्तरं तयार केली. पाच-सहा तयार झाली, सगळी नियमाला धरून. त्यातलं एकही त्या मुलीसमोर जाऊन बोलण्यासारखं नव्हतं.

दहा मिनिटांनी मी बाहेर आले आणि जखम धुवायला घेतली. बिराजदार बुटाची शिवण उसवत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

जखम भरेपर्यंत बूट घालता येणार नव्हता. पारूबाईला पुन्हा इतक्या लांब येणं झेपणारं नव्हतं, तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. ती निघताना म्हणाली, "जमलं तर येती," आणि न जमण्याचीच ती भाषा होती. शाळा उघडायला जेमतेम दोन आठवडे होते.

पुढच्या सोमवारी बिराजदार आले ते तोंड उन्हाने रापलेलं, धोतराच्या काठाला तांबडी माती.

"जखम वाळत आली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"कुनाची म्हंजे?"

ते रविवारच्या पहिल्या एसटीने सांगोल्याला गेले होते, तिथून वस्तीपर्यंत चालत. दुष्काळात कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून प्लास्टरच्या रिकाम्या डब्यात स्वतःचं पाणी घेऊन. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. शाळेच्या मास्तरांना भेटून रुक्मिणीचं नाव घालायची मुदत श्रावणापर्यंत वाढवून घेतली. काय बोलून पटवलं ते कळलं नाही, पण मास्तरांच्या चपला त्यांनी उलट्या करून पाहिल्या असणार याबद्दल मला शंका नाही.

क्रम मोडून नंतरचं आधी सांगून टाकते. त्यानंतर आम्ही पाच वर्षं एकत्र काम केलं आणि भांडत राहिलो. मी प्रत्येक कार्डाच्या खाली मराठीत दोन ओळी लिहायला लागले. ते त्या सगळ्या पेशंटांसमोर एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायचे, मध्येच थांबून "ह्यो 'ळ' हाय का 'ल'?" म्हणायचे. माझं अक्षर कॉलेजात बक्षीस मिळवलेलं आहे. चपला बघणं त्यांनी सोडलं नाही, फक्त आधी विचारायचे, "ह्या तुज्याच का?" आणि हो म्हटलं तरी त्या पायात घालून पडवीत चालायला लावायचे. त्यामुळे नऊचं काम साडेदहाला सुरू व्हायचं. त्या मुलीबद्दल आम्ही एकमेकांची क्षमा मागितली नाही. आमची पुण्याला बदली झाली, आणि तीन वर्षांनी गंगव्वांनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं, तेव्हा ते गेल्याचं कळलं.

पण माझ्या मनात त्यांचं शेवटचं दर्शन दवाखान्यातलं नाही, ओढ्यातलं आहे. चौथ्या रविवारी मीही गेले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. सोलापूरच्या स्टँडवर मला पाहून ते म्हणाले, "तुमचा आज वार न्हाय," आणि खिडकीची जागा दिली.

दुरुस्त केलेला बूट मी स्वतः बांधला. पाचर बाहेरून, पट्टा बाहेरून, घोट्याच्या हाडापाशी त्यांनी सळई वाकवून मध्ये कापसाची गादी शिवली होती. पाऊस अजून नव्हता, ओढ्यात नुसती वाळू. पलीकडच्या काठावर शाळेची एक खोली दिसत होती. पारूबाई अलीकडे उभी राहिली, एक हात पोटावर. रुक्मिणीने तिचा दुसरा हात सोडला आणि वाळूत उतरली.

ती हळूहळू चालली. मध्यावर एकदा तोल गेला, दोन्ही हात पसरून तिने तो सावरला, आणि पुढे निघाली. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला आता हरकत नाही. शेजारी पाहिलं तर बिराजदार नव्हते. ते तिच्या मागून, वाळूत उकिडवे बसत, सरकत, तिचे ठसे बघत चालले होते. डाव्या ठशाच्या आतल्या कडेची खोली बोटाने, बाहेरच्या कडेची बोटाने, मग पुढचा ठसा.

"बिराजदार," मी ओरडले, "पोर चालतेय. वर तरी बघा."

"ती चालतीय ते तुमी बगा," ते खाली मान घालूनच म्हणाले. "पाय सपाट पडतोय का, ते मला बगू द्या."

रुक्मिणी पलीकडच्या काठावर चढून उभी राहिली, आईला हाका मारू लागली. ते तेव्हाही ओढ्याच्या मध्यावर वाळूत बोट घालून बसलेले होते.

दवाखान्याच्या जागेवर आता दुकानं आहेत. कार्डं वखारीत ठेवली होती, तिला वाळवी लागली तेव्हा गेली. रुक्मिणी साठीची आहे, मंगळवेढ्याला असते, अंगणवाडीतून निवृत्त झाली. दिवाळीला तिचा फोन येतो. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आहे, घोट्यावर व्रण आहे, पायऱ्या चढताना कठड्याला धरावं लागतं. ती चालते.

तुमची,
आजी